नाशिकहून केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

अंधेरीला सकाळी नऊचा वॉक-इन, म्हणजे जाहीर केलेल्या जागी थेट जाऊन द्यायचा इंटरव्ह्यू, असेल तर पंचवटी एक्सप्रेसने जायचा विचारसुद्धा करू नका. पंचवटी नाशिकरोडला सातच्या सुमारास येते, दादरला उतरेपर्यंत दहा वाजून जातात, तिथून वेस्टर्नची लोकल, मग अंधेरीला रिक्षा, आणि तोपर्यंत हॉटेलच्या दारावर रजिस्ट्रेशन बंद झाल्याचा कागद लागलेला असतो. माझ्या पहिल्या वॉक-इनला हेच झालं. नवीन शिवलेला स्कर्ट, पायात पहिल्यांदाच घातलेल्या हिल्स, हातात फाइल, आणि काचेच्या दाराआड आतल्या मुली रांगेत उभ्या दिसत होत्या. सिक्युरिटीवाले काका खूप चांगल्या शब्दांत म्हणाले, बेटा आता नाही होणार. संध्याकाळच्या पंचवटीने परत आले, इगतपुरीपर्यंत रडतच होते.

नंतर तिसऱ्या प्रयत्नात सिलेक्शन झालं, सात वर्षं फ्लाय केलं आणि आता परत नाशिकला सिडकोत घरी आहे. कॉलनीतल्या, ओळखीतल्या, कोणाच्या मावसबहिणीच्या मैत्रिणी अशा बऱ्याच जणी विचारायला येतात, आता मुलगे पण येतात, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगत असते, म्हणून एकदा क्रमाने सगळं लिहून काढतेय.

आधी काम काय आहे ते नीट समजून घ्या

घरच्यांना आणि शेजारच्यांना वाटतं हवाई सुंदरी म्हणजे छान नटायचं आणि सँडविच वाटायचे. आपल्यालाही मनातून तसंच वाटत असतं, आणि इंटरव्ह्यूला बसलं की ते बोलण्यातून बाहेर येतं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की विमानात दर ५० सीटमागे किमान एक केबिन क्रू पाहिजे. इंडिगोचं ते पंख्याचं ७८ सीटचं एटीआर असतं ना, त्यात दोन क्रू, १८० सीटच्या ए-३२० मध्ये चार. हा आकडा जेवण वाटायला किती हात लागतील यावरून आलेला नाही, आग लागली, धूर झाला, विमान पाण्यात उतरवावं लागलं तर माणसं बाहेर कोण काढणार यासाठी आहे. अर्धे दरवाजे बंद असताना सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर येऊ शकतात हे विमान बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं, आणि प्रत्यक्षात तशी वेळ आली तर ते ९० सेकंद क्रूच्या हातात असतात.

नीरजा भनोतचं नाव सगळ्यांनी ऐकलंय पण तारीख लक्षात ठेवा, ५ सप्टेंबर १९८६, कराची, पॅन ॲमचं विमान. दोन दिवसांनी तिचा तेविसावा वाढदिवस होता. अपहरण करणारे आत शिरल्यावर तिने कॉकपिटला कळवलं आणि पायलट बाहेर पडू शकले, म्हणून विमान जमिनीवरच राहिलं, आणि शेवटी गोळीबार सुरू झाला तेव्हा दरवाजा उघडून प्रवाशांना बाहेर काढता काढता ती गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. हे पाठ करून इंटरव्ह्यूला म्हणून दाखवा असं मी म्हणत नाहीये, उलट तसं करूच नका. पण "तुम्हाला केबिन क्रू का व्हायचंय" याचं उत्तर "मला फिरायला आवडतं" एवढंच असेल तर समोरची बाई ते दिवसात पन्नास वेळा ऐकून बसलेली असते. माणसांची काळजी घेणं, गडबडीत डोकं शांत ठेवणं, हे तुमच्यात कुठून आलंय ते सांगता आलं पाहिजे. ते पुढे सांगते.

पात्रता, म्हणजे पैसे खर्च करायच्या आधी घरी तपासायच्या गोष्टी

शिक्षण बारावी पास, शाखा कुठलीही चालते, मराठी मीडियम असलं तरी काही अडत नाही, मी पण मराठी मीडियमचीच. ग्रॅज्युएशन अर्धवट असेल तर सोडून देऊ नका, आपल्या नाशिकमध्येच मुक्त विद्यापीठ आहे, फ्लाय करता करता तिथून डिग्री पूर्ण करता येते, पुढे ट्रेनर किंवा ऑफिसच्या जागेवर जायचं असेल तेव्हा ती लागते.

वय साधारण १८ ते २७ असतं फ्रेशरसाठी, प्रत्येक जाहिरातीत बघून घ्या. उंची मुलींसाठी बहुतेक भारतीय कंपन्यांत १५५ सेंटिमीटरच्या आसपास, मुलांसाठी बरीच जास्त मागतात. काही कंपन्या फक्त मुली घेतात, तेव्हा मुलांनी आधी जाहिरात नीट वाचा आणि मगच मुंबईचं तिकीट काढा. एमिरेट्ससारख्या परदेशी कंपनीला वय किमान २१, उंची १६० आणि टाचा उंचावून हात वर केल्यावर २१२ सेंटिमीटरपर्यंत बोटं पोचली पाहिजेत. घरात भिंतीवर टेपने मोजून पेन्सिलची खूण करा आणि अनवाणी उभं राहून बघा. हात पोचण्याची अट असते कारण डोक्यावरच्या कप्प्यांत सामानाबरोबर इमर्जन्सीची उपकरणं पण ठेवलेली असतात, ती काढता आली पाहिजेत.

वजन आणि उंचीचं प्रमाण म्हणजे बीएमआय बघतात. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. समजा उंची १६० आणि वजन ५५, तर ५५ भागिले २.५६, म्हणजे २१.५ च्या आसपास, हे ठीक आहे. जास्त निघालं तर दोन-तीन महिने हातात ठेवून कमी करा, आठ दिवस उपाशी राहून नको, त्याचा परिणाम मेडिकलला कसा होतो ते खाली लिहिलंय.

टॅटूचं मात्र खरंच जपा. युनिफॉर्म घातल्यावर दिसेल असा टॅटू बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि आपल्याकडे मनगटावर नाव, हातावर गोंदण हे लहानपणीच केलेलं असतं, त्यात मुलीची काही चूक नसते पण तिथे ते टॅटूमध्येच धरलं जाऊ शकतं. मेकअपने झाकून जाऊ नका, विचारलं की खरं सांगा. मेंदीचंही तेच. घरात लग्न असलं की हात कोपरापर्यंत भरून घेतो आपण, आणि आठ दिवसांनी वॉक-इन जाहीर होतो. तयारी करत असाल त्या काळात मावशीला, काकूला आधीच सांगून ठेवा की माझ्या हातावर मेंदी नको.

कागद, आणि नावाचा घोळ

दहावी-बारावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, डिग्री असेल तर ती, आधार, पॅन, पासपोर्ट, आधी नोकरी केली असेल तर अनुभवाचं पत्र, बायोडाटा एका पानाचा, पासपोर्ट साइझ फोटो आणि एक पूर्ण उंचीचा फोटो फिकट बॅकग्राउंडवर. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

आता घोळ कुठे होतो ते ऐका. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर कोणीतरी ऑपरेटरने तिसऱ्याच स्पेलिंगने टाकलेलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी यावरून फारसं कोणी अडवत नाही, पण सिलेक्शननंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि विमानतळाचा एंट्री पास निघताना प्रत्येक अक्षर जुळवतात आणि तिथे जॉइनिंग लटकतं. म्हणून आजच सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळवा, चूक असेल तर दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे आधार आणि पॅन दुरुस्त करून घ्या.

पासपोर्ट नसेल तर तो पहिल्या दिवशी करायचं काम आहे. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, मुंबईला जावं लागत नाही, साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, अपॉइंटमेंट ऑनलाइन. पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागू शकतो, आणि हॉस्टेल किंवा भाड्याच्या घराचा पत्ता दिला असेल तर जास्तच.

इन्स्टिट्यूट लावायची का

हा प्रश्न सगळ्यात आधी आई-वडील विचारतात, म्हणून मी यावर जरा जास्त लिहिते. मी लावली होती. नाव घेत नाही. शंभर टक्के प्लेसमेंट असं बोर्डावर लिहिलेलं, पप्पांनी एफडी मोडून फी भरली, वर्षभर मेकअप, नॅपकिनच्या घड्या आणि विमानाचे भाग शिकले, आणि प्लेसमेंट म्हणजे काय तर सगळ्यांसाठी जाहीर झालेल्या वॉक-इनची तारीख त्यांनी आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवली. पप्पा कधी काही बोलले नाहीत पण मला ते अजून टोचतं.

खरी गोष्ट ही आहे की केबिन क्रूसाठी कुठलाही डिप्लोमा सक्तीचा नाही. कंपनी सिलेक्शननंतर स्वतःचं पूर्ण ट्रेनिंग देते, आणि डीजीसीएला ग्राह्य धरलं जातं ते तेच ट्रेनिंग. क्लासमध्ये मला एका गोष्टीचा फायदा झाला हे मान्य करते, रोज पंचवीस जणांसमोर उभं राहून बोलायची सवय लागली. पण त्यासाठी लाखांत पैसे घालायची गरज नाही. त्याऐवजी सहा महिने कुठेतरी लोकांशी बोलावं लागेल अशी नोकरी करा, गंगापूर रोडच्या हॉटेलात फ्रंट डेस्क, हॉस्पिटलचं रिसेप्शन, कॉलेज रोडला कॅफे, मॉलमधलं कपड्याचं दुकान. पगार कमी असू दे. चिडलेलं गिऱ्हाईक समोर उभं राहिल्यावर काय करायचं हे तिथे शिकता, आणि इंटरव्ह्यूला सांगायला खऱ्या गोष्टी मिळतात.

आणि एक, हे मोठ्याने वाचून घरच्यांना पण ऐकवा. कुठलीही एअरलाइन नोकरी द्यायला पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशनचे नाही, युनिफॉर्मचं डिपॉझिट नाही, "सीट बुक करायला" नाही. जीमेलच्या आयडीवरून ऑफर लेटर आलं, वर लोगो आहे, खाली सही-शिक्का आहे आणि शेवटी अमुक खात्यात पैसे भरा असं लिहिलंय तर ते खोटं आहे. अर्ज फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर करिअर पानावर करायचा, वॉक-इनची तारीख आणि जागा पण तिथेच बघायची.

इंग्लिश

मराठी मीडियमच्या मुली इथेच हातपाय गाळतात, आणि मला वाटतं यातली निम्मी भीती उगाच असते. त्यांना अमेरिकन ॲक्सेंट नको असतो. जो माणूस घाबरलेला आहे, ज्याला तुमची भाषा नीट येत नाही, त्याला तुमचं वाक्य पहिल्या वेळी कळलं पाहिजे, एवढंच हवं असतं. हळू आणि स्पष्ट.

दोन-तीन ठिकाणी आपल्या मराठी जिभेची सवय मोडावी लागते. एक म्हणजे फ. "फ्लाइट" म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात, ते मिटू द्यायचे नाहीत, वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवायचे आणि हवा सोडायची. दुसरं, "झिरो" आणि "प्लीज" मधला आवाज, आपण सरळ "माझी"मधला झ लावतो, तिथे झाडातल्या झच्या जवळचा आवाज हवा. तिसरं, "व्हेज" आणि "वॉटर" यांची सुरुवात एकसारखी नाही, व्हेजला दात ओठाला लागतात, वॉटरला ओठ गोल होतात. आरशासमोर आठ दिवस केलं की फरक पडतो, मी स्वयंपाकघरात आईला पोळ्या लाटताना ऐकवायचे, तिला इंग्लिश येत नाही पण "आता गडबडीत म्हणालीस" हे ती बरोबर सांगायची.

रोज पंधरा मिनिटं इंग्लिश पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, चुका जास्त कळतात. विमानातल्या अनाउन्समेंट पण वाचायला देतात, इंग्लिश आणि हिंदी दोन्ही, तेव्हा हिंदीही घासून घ्या. "मेरेको", "तुमको" हे आपल्या तोंडात बसलेलं असतं, ते काढून "मुझे", "आपको" आणा. मराठी चांगली येते हे बायोडाटात ठळक लिहा, त्याची लाज वाटू देऊ नका, मुंबई-पुण्याच्या फ्लाइटवर घाबरलेल्या आजींशी मराठीत बोलणारी क्रू असली की काम किती सोपं होतं हे मी सात वर्षं बघितलंय.

ऑनलाइन अर्ज आणि व्हिडिओ

बऱ्याच कंपन्या आता वॉक-इनच्या आधी किंवा त्याऐवजी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मागतात, स्क्रीनवर प्रश्न येतो आणि एक-दोन मिनिटांत उत्तर द्यायचं असतं. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, पुस्तकांची चळत करून चालते. खिडकी तुमच्या समोर पाहिजे, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येतो. नजर कॅमेऱ्याच्या टिकलीवर. घरात कुकर, मिक्सर, कॉलनीत भंगारवाला, सगळ्याची वेळ बघून बसा. कपडे आणि केस अगदी वॉक-इनला जाताना करतो तसेच.

कपडे

मुलींना गुडघ्यापर्यंतचा साधा फॉर्मल स्कर्ट, हाफ किंवा थ्री-फोर्थ बाह्यांचा शर्ट, त्वचेच्या रंगाचे स्टॉकिंग, पुढून बंद काळ्या हिल्स. ब्रँडेड काही लागत नाही, मेनरोडला, शालिमारला कापड घेऊन शिंप्याकडून अंगाला बरोबर बसेल असं शिवून घ्या, तयार स्कर्ट कमरेत ढिला राहतो आणि दिवसभर आपण तोच सावरत बसतो. केसांचा घट्ट अंबाडा, जाळी, एकही बट बाहेर नको. नखं स्वच्छ, दोन्ही हातांना एकच रंग, कानात छोटे टॉप्स, एक घड्याळ. मुलांनी क्लीन शेव्ह, गडद सूट, टाय, पॉलिश केलेले बूट. हिल्स घालून घरात रोज तासभर काम करा, भांडी लावा, जिना चढा-उतरा. नवीन हिल्स घालून सात-आठ तास उभं राहिल्यावर चेहऱ्यावरचं हसू टिकत नाही, आणि त्यांना ते टिकलेलं बघायचं असतं.

प्रवास

आदल्या दिवशी जा. ठाण्याला, कल्याणला, डोंबिवलीला कोणीतरी नातेवाईक असतंच आपलं, आत्याकडे राहा. तिथून सकाळी लोकलने घाटकोपर, घाटकोपरवरून मेट्रोने मरोळ नाका किंवा एअरपोर्ट रोड, अंधेरी पूर्वेची बरीचशी हॉटेलं तिथून जवळ पडतात. दादर फिरून जाण्यापेक्षा हे सोपं. राहायला कोणीच नसेल तर महामार्ग स्टँडवरून रात्रीची बस, पण पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा धरू नका, दोन तास जास्तीचे हातात ठेवा. लोकलमध्ये चपला घाला, हिल्स पिशवीत, शर्टवर ओढणी. दाराशी रिपोर्टिंगच्या दीड तास आधी. खाऊन जा, आणि पिशवीत दशमी, केळं, पाणी ठेवा, कारण आत गेल्यावर कधी बाहेर याल याचा नेम नसतो.

प्रत्यक्ष दिवस

पहिलं रजिस्ट्रेशन आणि कागद, मग उंची आणि वजन. उंची मोजताना अंबाडा डोक्याच्या वर नको, मागे मानेजवळ बांधा, नाहीतर तो दाबून मोजतात आणि केसांची सगळी मेहनत वाया. हात, चेहरा, मान यांवरचे डाग, टॅटू जवळून बघतात, काही ठिकाणी चालायला लावतात. इथेच बरेच जण घरी जातात. मन घट्ट ठेवा.

मग वाचन आणि स्वतःबद्दल एक मिनिट. "मायसेल्फ अमुक अमुक" अशी सुरुवात करू नका, सरळ "आय ॲम" म्हणा. वडील काय करतात, आई काय करते, भाऊ कितवीला, यात पूर्ण मिनिट घालवू नका. गाव, शिक्षण, सध्या काय करता, आणि या कामाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. कधी ऐनवेळी विषय देऊन बोलायला लावतात, पेन, पाऊस, मोबाइल असं काहीही. थांबलात तरी चालेल, दोन सेकंद थांबून पुढचं वाक्य बोला, "सॉरी सॉरी" करत बसू नका.

ग्रुप राउंड मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगते. माझ्या तिसऱ्या इंटरव्ह्यूला आठ जणींचा ग्रुप होता आणि विषय असा की हॉटेलात खोल्या पाच उरल्यात, पाहुणे दहा आहेत, त्यात गरोदर बाई, डॉक्टर, म्हातारं जोडपं, नवीन लग्न झालेले वगैरे, कोणाला खोली द्यायची ते दहा मिनिटांत ठरवा. दोघीजणी पहिल्या सेकंदापासून एकमेकींवर बोलायला लागल्या, आवाज चढला. माझ्या शेजारी पिंपळगावची एक मुलगी होती, ती पहिली चार-पाच मिनिटं फक्त ऐकत होती आणि कागदावर नावं लिहीत होती. मग ती समोर बसलेल्या, एकही वाक्य पूर्ण करायला न मिळालेल्या मुलीकडे वळून म्हणाली, "तुम्ही मघाशी डॉक्टरबद्दल काहीतरी सांगत होतात ना, पूर्ण करा, आम्ही ऐकतो." आणि नंतर सगळ्यांना, "आपली तीन मिनिटं राहिलीत, तीन खोल्यांवर आपलं एकमत आहे, उरलेल्या दोन बघूया का?" एवढंच. कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी मान वर करून तिच्या बॅजकडे बघितलं आणि लिहून घेतलं. जोरजोरात बोलणाऱ्या दोघी त्या राउंडनंतर घरी गेल्या, ती राहिली. उत्तर बरोबर की चूक याला मार्क नसतात तिथे. चार जणींच्या क्रूमध्ये, पहाटे चारच्या फ्लाइटला, तुमच्याबरोबर काम करायला कसं वाटेल हे ते बघत असतात.

वेटिंगमध्येही तसंच वागा. बाकीच्या मुलींशी बोला, कोणाची सेफ्टीपिन सुटली तर द्या, पाणी देणाऱ्या काकांना थँक्यू म्हणा. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

शेवटचा इंटरव्ह्यू

तुमच्याबद्दल सांगा, क्रूच का, आमचीच कंपनी का, चिडलेल्या माणसाला कसं हाताळलं, कुठेही बेस, म्हणजे राहून ड्यूटी करायचं शहर, दिला तर जाल का. कंपनीची माहिती वाचून जा, विमानं कुठली, कुठे उडतात, अलीकडे काय बदललं. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परत आली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्यात विलीन झाली, अकासा २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, निदान एवढं तरी माहीत असू द्या.

"एखादा प्रसंग सांगा" याची तयारी मात्र पाठांतराने होत नाही. काय झालं, मी काय केलं, शेवटी काय झालं, या क्रमाने तुमच्या आयुष्यातल्या तीन-चार खऱ्या गोष्टी वहीत लिहा. मी सांगितलेली गोष्ट २०१५ च्या सिंहस्थातली. मी तेव्हा कॉलेजच्या एनएसएसमधून स्वयंसेवक होते, २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला गोदाघाटाकडे ड्यूटी. एक आजी चुकल्या होत्या, उत्तरेकडच्या कुठल्यातरी गावच्या, त्यांची बोली मला कळेना आणि माझी हिंदी त्यांना कळेना, आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ उठले. मी आधी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं, हात सोडवून घेतला नाही. मग गर्दीत त्यांच्या बोलीचं कोणी आहे का विचारत गेले, एक पोलीस दादा निघाले तिकडचे, त्यांनी गावाचं आणि मुलाचं नाव काढून घेतलं, हरवले-सापडले केंद्रावरून पुकारा झाला आणि दीड तासाने मुलगा आला. मॅडमनी मला विचारलं, हात का नाही सोडवलास? मी म्हटलं, त्यांच्याकडे त्या वेळी धरायला दुसरं काही नव्हतं. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग पुढचा प्रश्न एकदम मऊ आवाजात विचारला.

तुमच्याकडे कुंभमेळा नसेल, द्राक्षाच्या सीझनला पॅकहाऊसमध्ये मजुरांची भांडणं सोडवली असतील, आईच्या दुकानावर उधारीवाल्याशी गोड बोलून पैसे काढले असतील, ताईच्या लग्नात रुसलेल्या मामांना जेवायला बसवलं असेल. तेच सांगा.

प्रसंग देऊन विचारतात तेव्हा, म्हणजे प्रवासी दारू प्यायलाय आणि अजून मागतोय, किंवा जागेवरून भांडण झालंय, तेव्हा आधी ऐकून घेणं, आवाज न चढवणं, दुसरा पर्याय देणं, आणि हाताबाहेर जातंय असं वाटलं तर सिनियर क्रूला आणि त्यांच्यामार्फत कॅप्टनना कळवणं. सुरक्षेचा नियम असेल तिथे नम्रपणे पण ठाम नाही. इमर्जन्सी दरवाजाजवळ बॅग ठेवू दे म्हणून कोणी कितीही विनवलं तरी नाही.

"कुठेही जाल का" याला "घरी विचारून सांगते" हे उत्तर देऊ नका. म्हणजे घरी आधीच बोलून घ्या. पप्पांना समोर बसवून सांगा की रात्री-अपरात्री ड्यूटी असते, दुसऱ्या शहरात मैत्रिणींबरोबर रूम घ्यावी लागेल, दिवाळीला घरी नसेन. आजीचा प्रश्न असतो, लग्न झाल्यावर काय? पूर्वी एअर इंडियात एअर होस्टेसची पहिल्या गरोदरपणात नोकरी जायची, १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला. माझ्याबरोबर दोन-दोन मुलं असलेल्या सिनियर होत्या, हे आजीला सांगा.

नाही झालं तर कारण सांगत नाहीत, फक्त नाव पुकारत नाहीत. त्याच रात्री वहीत लिहा कुठल्या राउंडला थांबलात, काय विचारलं, काय बोललात. बहुतेक कंपन्यांत काही महिने गेल्यावर परत जाता येतं.

मेडिकल आणि पुढे

डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी असते, डोळे, कान, रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, बीएमआय. आपल्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघतं, त्यातून डाएट म्हणून जेवण सोडलेलं. माझ्या बॅचची एक मुलगी त्याच कारणाने टेम्पररी अनफिट झाली आणि दोन महिने मागे पडली. इंटरव्ह्यूच्या आधीच इथल्या लॅबमध्ये साधी रक्ततपासणी करून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा, बाजरीची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे रोज खा. चष्मा असेल तर लेन्स घालायची सवय आत्ताच लावा.

ट्रेनिंग साधारण दोन-तीन महिने, मोठ्या कंपन्यांचं गुरुग्रामला असतं. आग विझवणं, दरवाजे उघडणं, स्लाइडवरून उडी, फर्स्ट एड, आणि पाण्यातलं ड्रिल. पाण्याची भीती असेल तर त्र्यंबक रोडच्या सावरकर तरण तलावावर सकाळची बॅच लावा, मी ते केलं नव्हतं आणि ड्रिलच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. ऑफर लेटरबरोबर बाँड असेल तर प्रत्येक पान वाचा, किती महिने, सोडलं तर किती भरायचे, ट्रेनिंगमध्ये स्टायपेंड किती. पगारात एक ठरलेला भाग असतो आणि एक उडलेल्या तासांवर, तेव्हा तोंडी सांगितलेल्या मोठ्या आकड्यात कुठला किती आहे ते एचआरला मेलवरच विचारून घ्या.

जॉइनिंगला जाताना सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नको. झेरॉक्सचे तीन सेट आणि पंधरा-वीस फोटो नाशिकहूनच काढून न्या, पहिल्या आठवड्यात रोज कोणीतरी मागतं आणि ट्रेनिंगमधून बाहेर जायला वेळ मिळत नाही.